श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस, सातारा : शंभर वर्षांचा वृत्तांत

गेल्या शतकाच्या आरंभी सातारा जिल्ह्यात शाळा अगदीच नव्हत्या असे नाही. मोठ्या गावांतून मराठी चौथीपर्यंत, क्वचित सातवीपर्यंत, वर्ग चालत असत, आणि सातारा शहरात इंग्रजी शाळाही होत्या. परंतु ज्याची बुद्धी मास्तरांनी वाखाणली, ज्याच्या वाचनाचे कौतुक बापाने चावडीवर चारचौघांत केले, असा खेड्यातील मुलगा चौथी उतरून इंग्रजी पहिलीच्या दाराशी आला म्हणजे त्याची विद्या बहुधा तेथेच खुंटे. कारण शहरात राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे काय, या दोन प्रश्नांचे उत्तर ना त्याच्या बापापाशी होते, ना सरकारी दफ्तरात. ब्राह्मण विद्यार्थ्याला निदान वार लावून जेवण्याची अथवा माधुकरी मागण्याची रूढी होती. ते अन्न कष्टाचे व पुष्कळदा मानहानीचे असे. तरी त्याच्या आधारावर महाराष्ट्रातील अनेक थोर पुरुष शिकले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. कुणबी, माळी, धनगर, रामोशी, मुसलमान यांच्या मुलांना तोही आधार नव्हता, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना तर शहरातला पाणवठाही मोकळा नव्हता. ही उणीव शाळेची नसून भाकरीची आणि छपराची आहे, हे ज्यांनी प्रथम नेमकेपणाने ओळखले आणि आयुष्यभर त्याच एका गोष्टीची तजवीज केली, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कार्याचा हा वृत्तांत आहे.

१९१९ ते १९२९ : स्थापना आणि पहिली कसोटी

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज येथे झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांच्या कृपाछत्राखाली १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्या नगरीत एकामागून एक उभी राहत होती, आणि वसतिगृह म्हणजे निव्वळ निवासस्थान नसून समाजाच्या उत्थानाचे साधन आहे, हा धडा त्यांना पुस्तकातून नव्हे तर प्रत्यक्ष वास्तव्यातून मिळाला. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभास गेल्याबद्दल पुढे जे घडले, त्यात भाऊरावांना स्वतःचे वसतिगृह सोडावे लागले. त्या प्रसंगाची चर्चा येथे करण्याचे प्रयोजन नाही. मात्र जातवार वसतिगृहांची उपयुक्तता पूर्णपणे मान्य करूनही आपले वसतिगृह सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र असावे, असा त्यांचा जो पुढे आमरण टिकलेला आग्रह दिसतो, त्याचे मूळ याच अनुभवात असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

उदरनिर्वाहासाठी भाऊरावांनी ओगले, किर्लोस्कर आणि कूपर यांच्या कारखान्यांशी संबंधित कामे केली. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकऱ्यांना पटवून देण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. या हिंडण्याने त्यांना जिल्ह्याची जी ओळख झाली, ती कोणत्याही कचेरीतील कागदांवरून झाली नसती. कोणत्या गावात शाळा आहे पण मास्तर नाही, कोणत्या गावात मास्तर आहे पण सुगीत वर्ग रिकामा पडतो, कोणत्या घरात पोरगे हुशार आहे आणि बाप सावकाराच्या खातेवहीत अडकला आहे, हे त्यांना ओसरीवर बसून कळले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या सुमुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक कार्यकर्त्यांच्या परिषदेच्या निमित्ताने रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, आणि तेथेच पहिले वसतिगृह सुरू करण्यात आले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या समाजाचा विचार गावोगाव पोहोचवणाऱ्या या मंडळींपैकी कित्येकांची नावे आज कागदोपत्री उरलेली नाहीत. ज्यांनी जागा दिली, ज्यांनी धान्याची पोती बैलगाडीने पोचती केली, ज्यांनी मुलांच्या अर्जांवर रात्री कंदिलाच्या उजेडात शेरे लिहिले, त्या सर्वांचे श्रेय सामुदायिक आहे, आणि या स्मरणिकेतून त्या अनामिकांस पहिला नमस्कार करणे हे आपले कर्तव्य आहे.

१९२४ साली संस्थेचे ठाणे सातारा येथे आले आणि ज्या बोर्डिंगचा हा इतिहास आहे, त्याचा येथे प्रारंभ झाला. मूठभर मुले, भाड्याची जागा आणि उधारीचे धान्य, एवढ्या भांडवलावर सुरू झालेल्या या कार्यास पुढे धनिणीच्या बागेत स्थैर्य लाभले. बोर्डिंगचा दिनक्रम जाणून घेतल्याशिवाय त्याचे वैशिष्ट्य कळणार नाही. मुले पहाटे उठत. दळण, पाणी, झाडलोट, स्वयंपाक आणि भांडी ही कामे पाळीपाळीने वाटलेली असत. आज ज्याची पाळी चुलीपुढे, त्याची उद्या बागेत. पालकांनी रोख फी द्यावी अशी अपेक्षाच नव्हती. ज्याच्या शेतात जे पिकेल ते, जोंधळे, बाजरी, डाळ, ऐपतीप्रमाणे त्याने आणावे, आणि ज्याच्याकडे काहीच नसेल त्याच्या मुलाने श्रम करावेत, असा शिरस्ता होता. याखेरीज मुष्टिफंडाची प्रथा होती : दळणास बसताना घरातील बाईने मूठभर धान्य बोर्डिंगच्या नावाने वेगळ्या मडक्यात टाकावे, आणि ते ठरलेल्या दिवशी गोळा करावे. या मुठीचे मोल धान्यापुरते नव्हते. जी स्त्री स्वतः अक्षरशत्रू होती, ती कोणाच्या तरी मुलाच्या शिक्षणाची रोजची भागीदार झाली. आणि ज्या गावातून मुठी येत, त्या गावाला आपला एखादा मुलगा बोर्डिंगमध्ये धाडण्याचा अधिकारही आपोआप वाटू लागला.

स्वयंपाक झाला की सर्वांची पंगत एकच. मराठा मुलाच्या शेजारी मुसलमान, त्याच्या शेजारी तथाकथित अस्पृश्य समाजातील मुलगा, आणि आज वाढणारा उद्या जेवणारा, ही गोष्ट त्या काळच्या साताऱ्यात सहज पचण्यासारखी नव्हती. काही पालकांनी मुले परत नेली. काहींनी पुन्हा आणून सोडली. मुलांच्या मनातील किंतु मात्र व्याख्यानांनी गेला नाही, तो एकत्र भाकरी थापण्याने गेला.

या पर्वातील सर्वांत मोठा वाटा सौ. लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांचा आहे. सोवळ्याओवळ्याचे कडक संस्कार असलेल्या जैन घराण्यात त्या वाढल्या होत्या. तथापि पतीचे व्रत त्यांनी आपले मानले आणि बोर्डिंगमधील प्रत्येक मुलाला पोटच्या पोराप्रमाणे वागवले. मुलांच्या आजारपणात रात्र जागणे, सणाला गोडाधोडाचा घास प्रत्येकाच्या पानात पडेल हे पाहणे, हे त्यांचे नित्याचे काम. निधी संपत आला की त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना गहाण पडे किंवा विकला जाई. अखेर असा एक दिवस उगवला की, भाऊराव मदतीसाठी बाहेरगावी गेलेले, कोठीत धान्याचा कण नाही, आणि मुलांच्या जेवणाची वेळ टळून चाललेली. त्या वेळी त्यांनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले आणि त्यातून आलेल्या पैशांनी मुलांची चूल पेटली. सौभाग्याचे ते लेणे उतरवताना त्या काळच्या स्त्रीच्या मनाला काय यातना झाल्या असतील, याची कल्पना आजच्या वाचकाने शांतपणे करावी. ज्या मुलांनी त्या दिवशी भाकरी खाल्ली, त्यांनी ती गोष्ट जन्मभर सांगितली. रयतमाउली हे त्यांचे नाव कोणत्याही ठरावाने दिलेले नाही.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते बोर्डिंगचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. राजर्षी शाहू महाराज १९२२ साली कैलासवासी झाले होते. त्यांच्याच आदर्शावर उभ्या राहिलेल्या या संस्थेला त्यांचे नाव मिळणे सर्वथा उचित होते. सर्व जातींची मुले एकत्र राहतात, एकत्र रांधतात आणि एकत्र जेवतात हे पाहून गांधीजींनी अतीव समाधान व्यक्त केले.

१९३० ते १९३९ : मुळे पसरली

या दशकाचा आरंभ शोकाने झाला. १९३० साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. भाऊरावांचा संसार उघडा पडला, परंतु बोर्डिंगचा संसार त्यांनी विस्कटू दिला नाही.

१९३२ साली पुणे येथे युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. साताऱ्यात मॅट्रिक झालेल्या मुलांना पुढे महाविद्यालयात जावयाचे तर बहुधा पुण्यासच जावे लागे, आणि पुण्यात तर राहण्याजेवण्याचा प्रश्न साताऱ्याहून बिकट होता. येथून संस्थेच्या वाढीचे सूत्र स्पष्ट होते. खेड्यातील मुलाची शाळा एकाच ठिकाणी सुटत नाही. ती चौथीनंतर सुटते, सातवीनंतर सुटते, मॅट्रिकनंतर सुटते, आणि ज्या ज्या पायरीवर तो अडखळतो त्या त्या पायरीवर संस्थेने क्रमाक्रमाने आधार उभा केला. शाखांची संख्या वाढवणे हे संस्थेचे उद्दिष्ट कधीच नव्हते. विद्यार्थी जेथे गळत होता, तेथे शाखा निघत गेली.

१९३५ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी शिक्षक तयार करण्यासाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज स्थापन झाले, जे पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. खेड्यातल्या मुलाला शाळेत टिकवावयाचे तर खेड्याची भाषा, खेड्याची सुगी आणि खेड्याची उपासमार ओळखणारा मास्तर पाहिजे, हे त्यामागील धोरण होते. १९३७ नंतर मुंबई इलाख्यातील लोकनियुक्त सरकारने व्हॉलंटरी शाळांस उत्तेजन दिले, तेव्हा संस्थेजवळ असे शिक्षक तयार होते. जेथे लोकल बोर्डाची शाळा पोहोचली नव्हती अशा डोंगरकपारीतल्या वाड्यावस्त्यांवर, देवळात, धर्मशाळेत, कोणाच्या पडवीत, संस्थेच्या शेकडो प्राथमिक शाळा भरू लागल्या. या शाळांतील शिक्षकांना मिळणारे वेतन तुटपुंजे होते आणि तेही पुष्कळदा विलंबाने मिळे. तरी ते पाय रोवून उभे राहिले. या शाळा कालांतराने सरकारी व्यवस्थेकडे वर्ग झाल्या, म्हणून त्यांची स्मृती आज पुसट झाली आहे. ते योग्य नव्हे.

१९४० ते १९४९ : हायस्कूल आणि कॉलेज

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. ते मोफत होते आणि निवासीही होते. ‘कमवा व शिका’ हे तत्त्व आता केवळ बोर्डिंगच्या अंगणात न राहता शाळेच्या वेळापत्रकात आले : अमुक तास वर्गात, अमुक तास शेतात वा बांधकामावर. मुलांनी दगड फोडले, विहिरी खणल्या, माळरान लागवडीस आणले, आणि त्या श्रमाच्या मजुरीतून पुस्तके व जेवण यांची भरपाई केली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य संस्थेच्या बोधचिन्हावर वडाच्या झाडासह आहे; ते ज्यांनी घामाने लिहिले ते हे विद्यार्थी होत. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. दयेने दिलेले अन्न मुलाला उपाशी ठेवत नाही, पण त्याची मान खाली घालते, आणि मान खाली घालून बसलेला मुलगा फार दिवस वर्गात टिकत नाही. श्रमाच्या मोबदल्यात मिळालेली भाकरी मात्र त्याला हक्काची वाटते. या योजनेच्या यशाचे मर्म आर्थिक हिशेबात जितके आहे, त्याहून अधिक या एका गोष्टीत आहे, असे आमचे प्रांजल मत आहे.

मुलींच्या शिक्षणाकडेही याच सुमारास लक्ष गेले आणि स्त्रीशिक्षिका तयार करण्यासाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय सुरू झाले. बेचाळीसच्या आंदोलनाने आणि त्यामागोमाग आलेल्या प्रतिसरकारच्या धामधुमीने जिल्हा ढवळून निघाला, तरी बोर्डिंगची पंगत मोडली नाही. जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, छत्रपती शिवाजी कॉलेज साताऱ्यात स्थापन झाले आणि मॅट्रिकनंतर पुण्याकडे डोळे लावून बसण्याची अट संपली.

गांधीजींच्या निधनानंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास संस्थेचे सरकारी अनुदान काही काळ थांबले होते. त्या वेळचे गैरसमज दोन्ही बाजूंनी यथावकाश निवळले. संत गाडगे महाराजांनी त्या कामी जी मध्यस्थी केली, तिचे ऋण संस्था विसरलेली नाही. अनुदान बंद असतानाच्या महिन्यांत शिक्षकांनी पगाराविना वर्ग चालवले आणि गावकऱ्यांनी धान्य पुरवले, एवढाच त्या काळाचा निष्कर्ष येथे नमूद करतो.

१९५० ते १९५९ : संस्थापकांचे अखेरचे पर्व

१९५४ साली कराड येथे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि १९५५ साली साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झाले. बोर्डिंगमध्ये भाकरी थापलेली मुले आता मुख्याध्यापक, प्राध्यापक, वकील आणि अंमलदार म्हणून महाराष्ट्रभर पसरली होती. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे याच संस्थेच्या छायेत शिकले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशांपैकी अनेकांनी अधिक प्राप्तीच्या जागा नाकारून संस्थेचे आजीव सेवक होणे पत्करले.

१९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी. लिट. ही सन्मान्य पदवी दिली. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविले. ९ मे १९५९ रोजी भाऊराव, सर्वांचे अण्णा, गेले. अंगावर घोंगडे, हातात काठी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, अशी त्यांची मूर्ती ज्यांनी पाहिली, त्या पिढीतील फारच थोडी माणसे आज हयात आहेत.

१९६० ते १९७९ : राज्याची सवलत आणि निसर्गाचा कोप

महाराष्ट्र राज्य अस्तित्वात येण्याच्या सुमारास यशवंतराव चव्हाण यांच्या कारकीर्दीत आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या पाल्यांना फीमाफी मिळाली. ‘ई. बी. सी. सवलत’ हा शब्द खेड्यापाड्यातील बापांच्या तोंडी रुळला. फी माफ झाली. राहणे आणि जेवणे मात्र माफ होत नव्हते, म्हणून बोर्डिंगची गरज उणावली नाही. उलट अर्ज वाढले, कारण आजवर जे बाप शाळेचे नावच काढीत नव्हते, ते आता तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला घेऊन मुलाचा हात धरून येऊ लागले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला. पाटण तालुक्यातील घरे जमीनदोस्त झाली. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. माण आणि खटाव हे तालुके सदाचेच अवर्षणग्रस्त. त्या वर्षी तेथील माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडण्यास गेली, आणि बापाबरोबर पोरालाही हातोडी धरावी लागली. अशा संकटात शिक्षण हा पहिला बळी असतो. ज्या घरात दोन वेळची भ्रांत, तेथे एक तोंड कमी होऊन ते बोर्डिंगच्या पंगतीत बसले, तर मुलगाही शिकतो आणि घरच्यांनाही एका घासाचा दिलासा मिळतो. वसतिगृहाचे हे दुहेरी कार्य त्या वर्षांत प्रकर्षाने प्रत्ययास आले.

१९८० ते १९९९ : मनिऑर्डर थांबली तेव्हा

जावळी, पाटण, कोरेगाव या भागांतील कितीतरी घरे मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालत. बाप किंवा थोरला भाऊ गिरणीत, गोदीत वा माथाडीत. आणि महिन्याच्या दहा-बारा तारखेस पोस्टमन दारात. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ती मनिऑर्डर थांबली. खोली सोडून कुटुंबे गावी परतली. मुंबईच्या शाळेतील दाखले पिशवीत घालून आलेली मुले मध्येच कोणत्या वर्गात बसवावीत, हा प्रश्न जिल्ह्यातील शाळांपुढे पडला. संपाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कामगारांचे हाल सविस्तर नोंदले आहेत. त्यांच्या मुलांच्या अर्धवट राहिलेल्या शाळांची नोंद मात्र कोणी फारशी केली नाही. ती व्हावयास हवी.

१९८८ साली टपाल खात्याने भाऊरावांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या निःस्पृह लोकनेत्यांनी संस्थेची धुरा वाहिली. ‘कमवा व शिका’ योजना या काळापर्यंत केवळ संस्थेची राहिली नव्हती. पुणे विद्यापीठाने ती कर्मवीरांच्याच नावाने आपल्या महाविद्यालयांत अंगीकारली आहे. मुलींसाठी शासनाने शिक्षण मोफत केले, एस. टी. चा पास मिळू लागला, आणि शाळेच्या वाटेवर सायकली व निळ्यापांढऱ्या गणवेशातल्या पोरींचे घोळके दिसू लागले.

२००० पासून आजतागायत

रयत शिक्षण संस्थेच्या शाखा आज सातशेहून अधिक आहेत, आणि २०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ अस्तित्वात आले. हा विस्तार अभिमानास्पद आहे. परंतु या स्मरणिकेच्या वाचकाने त्या आकड्यांपाशी थांबू नये, अशी नम्र विनंती आहे. कारण विद्यार्थ्याची शाळा सुटण्याची जागा बदलली आहे, नाहीशी झालेली नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने चौदा वर्षांपर्यंतचे दार उघडले. त्यापुढे, नववी-दहावीत, गळती पुन्हा दिसते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मूल दिवाळीनंतर फडात जाते आणि चैत्र-वैशाखात परतते, तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. अशा मुलाला आईबाप फडावर असताना गावातच ठेवणारे वसतिगृह मिळाले, तरच त्याचे वर्ष वाचते. मुलींच्या बाबतीत गावात दहावीपुढे वर्ग नाही, शेवटची एस. टी. लवकर सुटते, आणि लग्नाचा विषय घरात निघतो, ही तिन्ही कारणे एकाच वर्षी एकत्र येतात. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात, त्या घरातील मुलांचा अभ्यास तुटला. शाळा उघडल्यावर शिक्षकांना वस्त्यांवर फिरून मुले पुन्हा गोळा करावी लागली. अण्णा नांगर विकत ज्या वाटांनी हिंडले, त्याच वाटा या शिक्षकांनीही तुडवल्या.

दत्तक-पालक योजना, गुरुकुल प्रकल्प आणि वसतिगृहे यांतून संस्थेचे हे काम सध्या चालू आहे. त्यास रयत सेवकांच्या वेतनातून दरसाल जमणारा कृतज्ञता निधी आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या यांचा आधार आहे. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला आणि गुणपत्रक घेऊन पालक येतात. ज्याचे आईवडील हयात नाहीत वा फडावर आहेत, त्याच्यासोबत आजी, मामा किंवा शाळेतील एखादे गुरुजी असतात, आणि त्या मुलाचा अर्ज पहिल्यांदा विचारात घेतला जातो.